तिसऱ्या पंगतीची चाल

परीक्षकांनी माझं गाणं दुसऱ्या कडव्याच्या आधीच थांबवलं. हात वर केला, ट्रॅफिकवाला ट्रक अडवतो तसा. साउंडवाल्यानं माझा माईक बंद केला. बारामतीतल्या एका कॉलेजचा हॉल, खचाखच भरलेला. गिटार गळ्यात, बोटं तारांवर आणि मी नुसती उभी.

परीक्षक पुण्याहून आलेले. पांढरी दाढी, काळा टी-शर्ट. म्हणाले, "बाळ, ही गिटारची ओळ तुझी नाही. कुठून उचललीस ते मला माहीत आहे."

मी म्हणाले, "व्हय."

त्या 'व्हय'वर पहिला हशा पिकला.

"आणि सुरू करायच्या आधी कान पकडलास. म्हणजे चोरी करतेय हे तुला ठाऊक होतं."

दुसरा हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "उठाबशा काढ." सगळे हसले. मीपण हसले. परीक्षकांवरचा राग कधीतरी निवेल, त्या माझ्या हसण्यावरचा निवत नाही. दात दाखवत मी स्टेजवरून उतरले आणि बाथरूममधे जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी कान पकडला नव्हता. कानाला हात लावला होता. चूक कबूल करायला नाही, सलाम करायला. त्या अख्ख्या हॉलमधे हे एकालाही माहीत नव्हतं, आणि मला सांगता आलं नाही.

माझे अब्बा लग्नाच्या बँडमधे क्लॅरनेट वाजवतात. आमचं गाव वरकुटे, तालुका इंदापूर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, खाली कुठलीही पॅन्ट आणि पायात चप्पल. लोक त्यांना मास्तर म्हणतात. नाहीतर "ए बँड, इकडं घे" म्हणतात. चाळीस वर्षं ह्या तालुक्यातल्या लोकांना नाचवलं, पण त्यांचं नाव विचारलं तर दहा लोकांना सांगता यायचं नाही.

बँडच्या धंद्यात सगळं दुसऱ्याचंच वाजवावं लागतं. सिनेमातलं, भजनातलं, दुसऱ्या बँडच्या मास्तरनं बांधलेलं. त्यात लाज नाही. पण अब्बांची एक रीत आहे, त्यांच्या उस्तादांकडून आलेली. दुसऱ्याची चाल वाजवायच्या आधी क्लॅरनेट डाव्या हातात घ्यायची, उजव्या हातानं कानाची पाळी धरायची आणि नाव घ्यायचं. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. नाव माहीत नसलं तर "ज्यानं बांधली त्यास्नी". मग फुंकायचं. वरातीतल्या लोकांना वाटतं मास्तर कान खाजवतोय.

लहान असताना मी विचारलं होतं, "अब्बा, तो माणूस तिकडं मुंबईला. त्याला कुठं दिसतंय?"

"त्याला न्हाय दिसत. मला दिसतं ना," अब्बा म्हणाले होते.

ती गिटारची ओळ मी एका परदेशी बँडची घेतली होती. मोबाईलवर बघून बघून बसवायला चार महिने लागले. इतकी आवडली की तिच्याभोवती मी माझं गाणं बांधलं. स्टेजवर गेले, कानाला हात लावला, नाव घेतलं. मला वाटलं, झालं. आमच्या घरात तेवढ्यावर होतं. तिथं ते माईकवर, इंग्रजीतून म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाव मोठ्यानं घ्यायला पाहिजे होतं, हे मी आज मान्य करते. पण चोर म्हणायच्या आधी एकदा विचारायचं तरी.

त्या स्पर्धेत शौनक पहिला आला. त्याच्या वडिलांचा बारामतीत बांधकामाचा मोठा व्यवसाय. त्याच्याही गाण्याचा मधला तुकडा परदेशी बँडचाच होता. मला लगेच कळलं, कारण मी तेच ऐकत होते. पण तो आधी माईकवर म्हणाला, "हा माझा ट्रिब्यूट आहे," आणि दोन इंग्रजी नावं घेतली. परीक्षकांनी डोळे मिटून मान डोलावली. तेच उचलणं. त्याची मानवंदना झाली आणि माझी चोरी.

स्पर्धा संपल्यावर तोच माझ्याकडं आला. "मनावर घेऊ नकोस. तुझा हात चांगला आहे. आमच्यात वाजवशील?" त्या दिवशी त्या हॉलमधे माझ्याशी नीट बोलणारा तो एकटा. मी हो म्हणाले. तेवढ्या एका वाक्याच्या उपकारावर मी दोन वर्षं त्याच्या मागं उभी राहून गिटार वाजवली.

त्यांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर सरावाची खोली होती. भिंतींना आवाज अडवायचा स्पंज, एसी, फ्रीज. चार पोरं आणि मी. सराव झाला की ते गाडीत बसून चहा प्यायला जायचे आणि मी सहा आसनी रिक्षानं हॉस्टेलला. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं. विचारायचं सुचतच नव्हतं. मी कुठली, घरी कोण, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. "इंदापूर साइडची" एवढं त्यांना पुरत होतं. गावाकडं गेलं की ह्या संगीताबद्दल बोलायला कुणी नाही. अम्मी म्हणायची, "काय ते टांग टांग." तिथं एकटी, हितंपण एकटी. कानात हेडफोन घातला की बरं वाटायचं.

एकदा ड्रमवाल्याचा ठेका सुटला. शौनक म्हणाला, "अरे, लग्नाचा बँड आहे का हा?" सगळे खो खो हसले. मीपण हसले. दुसऱ्यांदा.

आणि त्याच आठवड्यात ते झालं.

आता अब्बांच्या चालीबद्दल सांगावं लागेल. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः बांधलेली अशी ही एकच चाल. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. डाळजला लग्न होतं. सकाळपासून वाजवलेलं. नवरदेव मारुतीला नेला, आणला, अक्षता पडल्या. मग जेवणं. बँडवाल्यांना टेम्पोजवळ बाभळीखाली बसवलं. "पहिली पंगत उठली की बोलवतो." पहिली पंगत उठली. हे आठ जण उभे राहिले, पॅन्टी झटकल्या. कुणी बोलावलं नाही. "पाव्हणं जास्त झालं, दुसरीला बघू." परत बसले. दुसरी पंगत बसली, उठली. परत उभे राहिले. परत नाही. अब्बांनी पहिल्या पंगतीपासूनच नुसतं हाताला काम म्हणून क्लॅरनेट काढली होती आणि हळू आवाजात फुंकत बसले होते. पहिली पंगत उठली तिथं ते थांबले होते, तिथं चालीत थांबा आहे. दुसरी उठली तिथं दुसरा थांबा, जरा लांब. तिसऱ्या पंगतीला ताटावर बसले तेव्हा जिलेबी संपली होती.

अब्बा ही गोष्ट हसत सांगतात. घरात आम्ही तिला तिसऱ्या पंगतीची चाल म्हणतो. पुढं ते ती प्रत्येक लग्नात वाजवायला लागले, नवरदेव मारुतीला निघाला की. लोकांना आवडली. थांबा आला की नाचणारे हात वर करून तसेच थांबतात, मग चाल सुटली की उसळतात. आपण कशासाठी थांबलोय हे कुणाला माहीत नसतं.

त्या दिवशी सरावाच्या खोलीत मी तारा लावत होते. बोटांना सवय. कधी ती चाल वाजवायला लागले माझं मलाच कळलं नाही. शौनक मोबाईल ठेवून उठला. "हे काय आहे?"

"काही नाही. आमच्याकडचं जुनं."

"कुणाचं?"

खोलीत चौघं होते. लग्नाचा बँड म्हणून हसलेले तेच चौघं. मी म्हणाले, "कुणाचंच नाही."

माझ्या तोंडानं म्हणाले. कुणी गळा धरला नव्हता.

पुढं जे झालं ते भराभर झालं. शौनकनं त्यावर शब्द लिहिले, ड्रम चढवले, गिटारचा आवाज फाडला आणि गाण्याला उत्सवाचं काहीतरी नाव दिलं. दुसरा थांबा त्याला फार लांब वाटला, तो त्यानं कापून आखूड केला. व्हिडिओ करून नेटवर टाकलं. चाललं. आमचं पहिलंच गाणं जे लोक स्वतः होऊन म्हणायला लागले. कार्यक्रमात गाण्याआधी तो सांगायचा, "ही आपल्या मातीतली चाल आहे. हे जे थांबे आहेत ना, तो गावाकडच्या माणसाचा उत्साह आहे. श्वास रोखून धरलेला आनंद." मी त्याच्या मागं दोन पावलांवर. भुकेला हा आनंद म्हणतोय, असं मनात यायचं. आणि मी तार लावल्यासारखं करून खाली बघायचे.

मार्चमधे वडगाव निंबाळकरला अब्बांची लग्नाची सुपारी होती. क्लॅरनेटच्या तोंडात बसवायची पत्ती त्यांना हवी होती. ती मी मागवून घेतली होती, म्हणून बारामतीहून द्यायला गेले. पोचले तेव्हा नवरदेव मारुतीला निघायचा होता. मी टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला, गर्दीतून वाट काढत. नवरदेवाचा एक मित्र, गॉगल डोक्यावर चढवलेला, अब्बांजवळ आला.

"मास्तर, ते नवीन गाणं येतं का?"

त्यानं मोबाईल लावला. आमचं गाणं. अब्बा मोबाईलवर मान वाकवून ऐकायला लागले. पहिला थांबा आला. अब्बांनी डोळे मिटले. दुसरा आला. उघडले.

"कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"बारामतीच्या पोरांचा बँड हाय. लय चाललंय सध्या."

अब्बांनी क्लॅरनेट डाव्या हातात घेतली. उजव्या हातानं कानाची पाळी धरली. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण मी जन्मापासून ते ओठ वाचते. बारामतीची पोरं. मग त्यांनी स्वतःची चाल वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या थांब्याला ते नेहमीसारखे थांबले. लांब. पोरानं हात हलवला. "ओ मास्तर, चुकलात. एवढं थांबायचं न्हाय तितं. नीट ऐका आधी." आणि मोबाईल त्यांच्या कानाला लावला. त्याच कानाला. दाबून.

अब्बांनी ऐकून घेतलं. शाळेतल्या पोरासारखं. म्हणाले, "बरं." आणि शौनकच्या मापानं वाजवली. साइड ड्रमवर रशीदचाचा होते. डाळजच्या बाभळीखाली बसलेल्या आठ जणांतले आता तेवढेच उरलेत. त्यांनी वाजवता वाजवता मला बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

पत्तीची पुडी माझ्या मुठीत चुरगाळली होती.

दुपारी टेम्पोच्या सावलीत बसलो. आता पंगत नसते, बुफे असतो. पण बँडवाल्यांनी शेवटीच जायचं हे तसंच आहे. मी म्हणाले, "अब्बा, चाल तुमची हाय. तुमी कानाला हात का लावला?"

"मोबाईलमदी तू दिसलीस, गिटार घिऊन. म्हणलं पोरीनं वाजवलंय." मग माझ्या मोबाईलकडं बोट केलं. "त्याच्याखाली काय लिवलंय गं? मला बारीक अक्षर दिसत न्हाय."

मी वाचलं. पारंपरिक चाल. शब्द, संगीत, गायन, शौनक.

"पारंपरिक म्हंजी?"

"म्हणजे कुणी बांधली ते माहीत न्हाय अशी."

"त्यास्नी माहीत नसंल," अब्बा म्हणाले. "तुला तर हाय."

रागावले नाहीत. पुडीतून पत्ती काढली, जिभेवर ओली केली आणि क्लॅरनेटला बसवत बसले. मला कुणीतरी थोबाडीत मारावी असं वाटत होतं. मारली नाही कुणी. त्या परीक्षकानं मला अर्धं चोर केलं होतं. उरलेलं अर्धं मी स्वतः झाले होते, माझ्याच घरात.

दुसऱ्या दिवशी मी शौनकला सगळं सांगितलं. बँड, लाल कोट, डाळज, पंगत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हेच अवघड आहे. म्हणाला, "पण मी विचारलं होतं. तूच म्हणालीस, कुणाचंच नाही."

"मी खोटं बोलले. मला लाज वाटली. आता नाव टाक."

"अगं, लोकसंगीत सगळ्यांचंच असतं. आणि नाव टाकून लोकांना काय कळणार? कोण ओळखतं त्यांना?"

मी म्हणाले, "परदेशातल्या त्या दोघांना बारामतीत कोण ओळखतं? त्यांची घेतोस ना?"

"ते वेगळं आहे," तो म्हणाला. कसं वेगळं, ते सांगितलं नाही. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "एक करू. पुढच्या कार्यक्रमात काकांना स्टेजवर बोलवू. त्या लाल ड्रेसमधेच. एक मिनिट वाजवतील. जबरदस्त दिसेल."

दिसेल म्हणाला. मला हॉस्टेलवर गेल्यावर उमगलं की नाव टाकतो असं तो म्हणालाच नव्हता. कोट पाहिजे होता त्याला, आतला माणूस नको होता.

पुढचा कार्यक्रम बारामतीतच, मैदानावर, दिवेलागणीला. पुढच्या सोफ्यावर त्याचे आई-वडील आणि पाव्हणे. स्टेजवर यायचं अब्बांना मी सांगितलंच नव्हतं. चार गाणी झाली. शौनक माईककडं गेला, "ही आपल्या मातीतली..." मी पुढं झाले. त्याला वाटलं माझी वायर निघाली. त्यानं बाजूला सरकून जागा दिली.

मी गिटार डाव्या हातानं धरली. उजव्या हातानं कानाची पाळी धरली. आणि बोलले. दोन वर्षं तिथं जीभ सांभाळून 'आहे, आहे' करत होते. त्या दिवशी सोडून दिलं.

"ही चाल मातीतली न्हाय. माझ्या बापाची हाय. दस्तगीर मास्तर, वरकुटे, तालुका इंदापूर. लग्नात क्लॅरनेट वाजवत्यात. चाल मधे दोनदा थांबती, तो उत्साह न्हाय. पंगत उठती आन बँडवाल्यास्नी कुणी बोलवत न्हाय, तेवढा वेळ हाय तो. आन ही चाल कुणाचीच न्हाय असं ह्यांना मी सांगितलं. मी खोटं बोलले."

एक शिट्टी आली. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, कार्यक्रमाचाच भाग समजून. शौनकनं माईक हळूच स्वतःकडं वळवला आणि हसला. "आमची गिटारिस्ट आज जरा भावुक झाली आहे." ड्रमवाल्याला म्हणाला, "घे."

त्यांनी घेतलं. मी गिटारची वायर उपसली. पहिला थांबा आला तेव्हा मी स्टेजच्या पायऱ्या उतरत होते. दुसरा आला तेव्हा गेटबाहेर होते. पाठीमागं लोक ओरडत होते, आनंदानं. माझ्यावाचून गाण्याचं काही अडलं नाही, हेही तिथंच उभं राहून ऐकलं. मग एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.

ह्याला आता सहा-सात महिने झाले. त्यांच्या ग्रुपमधून मला त्याच दिवशी काढलं. हॉस्टेलवरच्या पोरी म्हणाल्या, "एवढं काय त्यात? गाणं तर हिट झालं." गाण्याखाली अजून पारंपरिकच आहे. मी तिथं अब्बांचं नाव लिहिते, ते पुसलं जातं. मी परत लिहिते. अब्बा खूश झाले असतील असं कुणाला वाटत असेल तर नाही. आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "भर कार्यक्रमात वाजवणं सोडू नये. आमी उपाशी होतो तवाबी बाजा खाली ठिवला न्हाय," म्हणाले. त्यांचं त्यांच्यापाशी. ते उपाशी वाजवत राहिले. मला ते जमणार नाही, आणि मला ते चांगलंही वाटत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून घरातही जरा गप्पच असतं.

आता वरकुट्यात मागच्या खोलीत एकटीच वाजवते. त्या परदेशी गिटारवाल्याचं नाव आता मोठ्यानं घेते, खोलीत कुणी नसलं तरी. परीक्षक अर्धे बरोबर होते, तेवढं देणं मी देते.

आणि अब्बांच्या चालीचं ठरलं आहे. विनंती करून झाली, लिहून झालं. आता शौनकचा किंवा कुणाचाही कार्यक्रम ह्या दोन तालुक्यांत कुठंही असला आणि ती चाल तिथं वाजणार असली की मी जाणार. पुढं, जिथून आवाज पोचेल तिथं उभी राहणार. पहिला थांबा आला, सगळं गप्प झालं, की नाव घेणार. दस्तगीर मास्तर. बाहेर काढलं तर पुढच्या गावात जाणार. दुसरा थांबा त्यानं कापून आखूड केलाय, पण गावाचं नाव त्यात बसतं. दार लावून, मोबाईलवर गाणं लावून, मी म्हणून बघितलंय. बसतं.